वाळूवरच्या शिडाच्या गाडीचा पुढचा फोर्क: अल्युमिनियम, एसएस की साधं एमएस?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. आधी मला काय समजलंय ते सांगतो, काही चुकत असेल तर दुरुस्त करा. तुम्ही घरीच तीन चाकांची शिडाची गाडी बनवताय, मधला कणा आणि मागचा एक्सल एमएसच्या (माइल्ड स्टील, साधं लोखंड) चौकोनी पाईपमध्ये तयार झालाय, पुढे बांधकामावरच्या हातगाडीचं ४.००-८ चं चाक लावायचंय, त्याचा एक्सल २० मिमीचा. गाडी ओहोटीच्या वेळी ओल्या कडक वाळूवर पळणार. आणि फोर्कसाठी, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यासाठी, चार गोष्टी तुमच्यासमोर आहेत: भावाच्या जुन्या एमटीबीचा (माउंटन बाइकचा) सस्पेन्शनवाला फोर्क, रेलिंगवाल्याकडचा एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) पाईप, अल्युमिनियम, आणि घराच्या मागे पडलेला जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला, पाण्याचा पाईप. हलका हवा आणि गंजू नये, या दोन अटी, आणि प्रश्न असा की यातलं सगळ्यात चांगलं मटेरियल कुठलं.

मी वीसेक वर्षं फॅब्रिकेशन करतोय, बराचसा काळ खाडीकाठी, त्यामुळे होड्यांचे सुकाणू, शाफ्ट, ब्रॅकेट असं खाऱ्या पाण्यातलं काम रोजचं. शिडाच्या गाड्या आत्तापर्यंत सहा केल्या, त्यातल्या चार अजून पळतात. त्या अनुभवावरून सांगतो, फोर्क मटेरियल कमजोर होतं म्हणून तुटला असं मी एकदाही बघितलं नाही. फोर्क तुटतो तो दोन कारणांनी, एक म्हणजे आडवा जोर हिशोबात धरलेला नसतो आणि दुसरं म्हणजे जोड चुकीच्या जागी चुकीच्या पद्धतीने केलेला असतो. म्हणून मटेरियलवर नंतर येतो, आधी हा आडवा जोर समजून घेऊ, तो कळला की तुमच्या चारपैकी दोन पर्याय आपोआप गळतात.

सायकल वळते तेव्हा ती आतल्या बाजूला झुकते. चाक, फोर्क, वरचा माणूस सगळं एका रेषेत झुकलेलं असतं, त्यामुळे जोर कायम फोर्कच्या लांबीतच राहतो, बाजूने जवळजवळ काहीच येत नाही. सायकलचा चिमटा त्याच हिशोबाने बनवलेला असतो, वरून वजन आणि पुढून-मागून खड्ड्याचा किंवा ब्रेकचा धक्का एवढंच त्याला सोसायचं असतं. आपली तीन चाकांची गाडी झुकत नाही. ती सरळ उभी राहूनच वळते, शिवाय वारा सतत बाजूने ढकलत असतो, आणि मागचा भाग घसरून गाडी आडवी फिरली तर पुढचं चाक वाळूत आडवं ओढलं जातं. हा सगळा जोर टायर जिथे वाळूला टेकतो तिथे लागतो आणि फोर्कला बाजूला मोडायला बघतो. टायरच्या तळापासून स्टिअरिंगच्या खालच्या बुशपर्यंत (फोर्कचा उभा दांडा ज्या कडीत फिरतो ती) तुमच्या गाडीत साधारण ४६ सेंटीमीटर अंतर होईल, म्हणजे पकड लागली की अर्ध्या मीटरची पहार घेऊन पिन वाकवल्यासारखं आहे ते.

माझी पहिली गाडी मी सायकलच्याच फोर्कवर केली होती, चांगला जाड दिसणारा, जुन्या मजबूत सायकलचा. दोन सीझन काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये भाचा चालवत होता, वेग फार नव्हता, वळताना फोर्क मुळापासून तुटला आणि गाडी नाकावर गेली, त्याचं मनगट मोडलं. मी तो तुटलेला तुकडा अजून जपून ठेवलाय. उभी नळी, जी फ्रेमच्या आत जाते ती, चाकावरच्या क्राउनच्या, म्हणजे फोर्कचे दोन पाय जिथे एकत्र येतात त्या जोडाच्या, अगदी वर तुटली होती. तुटलेला तोंडवळा बघितला तर अर्ध्यापेक्षा जास्त भाग तपकिरी, जुना गंजलेला आणि त्यावर वळणावळणाच्या रेषा, ओहोटीला पाणी मागे हटताना वाळूवर राहतात ना अगदी तशा, आणि उरलेला भाग ताजा, चकचकीत, दाणेदार. इंजिनियर लोक त्या रेषांना बीच मार्क्सच म्हणतात. प्रत्येक रेष म्हणजे चीर थोडी पुढे सरकून थांबली होती त्याची खूण. म्हणजे फोर्क त्या दिवशी तुटला नाही, तो कितीतरी दिवस आधीपासून तुटत होता, आणि ती जागा फ्रेमच्या नळीच्या आत असल्यामुळे मला दिसली नाही. त्या दिवसापासून माझा नियम झाला की फोर्क असा पाहिजे जो तुटायच्या आधी वाकेल, आणि चीर पडली तर ती डोळ्याला दिसेल. मटेरियल निवडताना मी हे दोनच प्रश्न विचारतो, हलकेपणा त्याच्या बराच खाली येतो.

आता यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे तेही सांगतो. तुमचं वजन, गाडीचं वजन, शिड केवढं, आणि जमीन कशी. अमेरिकेत कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवर इव्हानपाहचा कोरडा तलाव आहे, तिथे जमीन टणक आणि सपाट, २००९ मध्ये ग्रीनबर्ड नावाच्या शिडाच्या गाडीने तिथेच ताशी २०२.९ किमीचा विक्रम केला, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये होरोनुकू नावाच्या गाडीने दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या गेर्डनर तलावावर तो २२० च्या पुढे नेला. तिथले फोटो बघून कार्बनचा मोह होतो, पण त्या गाड्यांमागे अख्खी टीम असते, त्यातून आपल्या फोर्कसाठी उचलण्यासारखं फारसं काही नाही. आपल्या कोकणच्या किनाऱ्याला दुपारचा वारा समुद्राकडून, पश्चिम-वायव्येकडून येतो आणि किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला, त्यामुळे जाताना आणि येताना दोन्ही वेळा वारा बाजूने मिळतो, गाडी दोन्हीकडे पळते. ही मोठी सोय आहे, पण याचाच अर्थ बाजूचा जोर सतत. आणि उधाणाच्या दिवसांत ओहोटीला वाळूचा पट्टा रुंद मिळतो खरा, पण त्यावर पाण्याने पडलेल्या बोटभर उंच लाटालाटांच्या सऱ्या असतात, मधेच एखादा ओघळ आडवा येतो. तुम्ही भांगाच्या दिवसांत अरुंद पट्ट्यावर हळू चालवणार असाल तर गोष्ट वेगळी, पण बनवताना वाईट दिवस धरूनच बनवा.

थोडे आकडे मांडतो, घाबरू नका, सगळं किलो आणि मिलिमीटरमध्येच ठेवतो. तुम्ही ७५ किलो आणि गाडी ४५ धरली तर एकूण १२०, त्यातले पुढच्या चाकावर साधारण ३५ किलो येतात. वाऱ्याचा झोत आला की शिड वरून ढकलतं आणि नाक खाली दाबलं जातं, वर सऱ्यांचे धक्के, म्हणून मी तिप्पट धरतो. म्हणजे ओघळाच्या काठावर चाक आपटलं तर मागच्या दिशेने साधारण १०० किलो. बाजूने वाळू टायरला वजनाच्या सत्तर टक्के पकड देईल असं धरा, ३५ चे २५ किलो, त्याचे तिप्पट ७५. हे माझे अंदाज आहेत, प्रयोगशाळेतले आकडे नाहीत, पण या अंदाजांवर केलेले फोर्क माझ्याकडे टिकलेत.

बाजूचे ७५ किलो गुणिले ४६० मिमी म्हणजे पिनवर (बुशांत फिरणारा फोर्कचा उभा दांडा) ३४,५०० किलो-मिमीचा मोड. एक इंची १४ गेज पाईप, म्हणजे २५.४ बाय २ मिमी, पिन म्हणून वापरला तर त्याचा सेक्शन मॉड्युलस, म्हणजे आकारामुळे मोड सोसायची ताकद, सुमारे ८०० घन मिमी येतो, भागाकार केला की ४३ किलो प्रति चौरस मिमी. साधं एमएस २५ च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे हा पाईप पिन म्हणून गेलाच. २५ मिमीचा भरीव ईएन८ (जास्त कार्बनचं, एमएसपेक्षा मजबूत पोलाद) बार घेतला तर २२.५ येतात, ईएन८ साधारण २८ पर्यंत जातो, म्हणजे टिकेल पण हातात फार काही उरत नाही. ३० मिमीचा भरीव बार घेतला की थेट १३ वर येतो. फक्त ५ मिमी वाढले पण ताकद जवळजवळ पावणेदोन पट, कारण ती व्यासाच्या घनाने वाढते. म्हणून माझ्या बहुतेक गाड्यांना ३० ची ईएन८ पिन असते, आणि यात मी वजन वाचवायला बघत नाही.

आता दोन पाय. मागच्या दिशेचे १०० किलो, एक्सलपासून क्राउनपर्यंत २६० मिमी, दोन पायांत विभागले तर प्रत्येकी १३,००० किलो-मिमी. एक इंची १४ गेजला १६ येतात, ठीक आहे. रेलिंगचा एक इंची १८ गेज, म्हणजे १.२ मिमी जाडीचा, त्याला २४.७ येतात. आणि सव्वा इंची १४ गेज घेतला तर फक्त १० येतात. मी हाच सव्वा इंची वापरतो, मीटरला दीड किलोच्या आत वजन आहे त्याचं.

इथे पट्टीबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी वेल्डर तुम्हाला हमखास सुचवेल की ४० बाय ६ ची पट्टी लावू, कापायला सोपी, भोक पाडायला सोपं. पट्टी पुढून-मागून फार मजबूत असते, मॉड्युलस १६००, पाईपपेक्षा जास्त. पण तीच बाजूने बघा, फक्त २४०. सव्वा इंची पाईपला सगळ्या दिशांनी १३०० आहेत, आणि पट्टीचं वजन मीटरला १.९ किलो. म्हणजे वजनाने जड आणि जिथे खरी गरज आहे त्या बाजूला पाचपटीने कमजोर. पट्टीचा फोर्क हाताने हलवून बघा, पुढेमागे दगडासारखा आणि बाजूला वेतासारखा लवतो.

आता तुमचे चार पर्याय. एमटीबीच्या फोर्कबद्दल फार बोलत नाही. हातगाडीच्या टायरची रुंदीच जवळपास १०० मिमी, ते चाक त्या फोर्कमध्ये बसणार नाही, बसवायला गेलात तर पाय कापावे लागतील, आणि स्प्रिंगमुळे झोतात नाक खाली बसून स्टिअरिंगचा कोन बदलत राहतो. सीलमध्ये वाळू गेली की महिन्याभरात जाम. शिवाय बाजूच्या जोराचं वर सांगितलंच. भावाला परत द्या.

एसएस ३०४ बद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो की एसएस म्हणजे जास्त मजबूत. यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागायची हद्द, बघितली तर ३०४ ची किमान २०५ मेगापास्कल आहे, साधारण २१ किलो, आणि साध्या ई२५० एमएसची २५० मेगापास्कल. म्हणजे वाकायच्या बाबतीत एसएस थोडा आधीच वाकतो. आता वरचा रेलिंग पाईपचा आकडा आठवा, २४.७, म्हणजे हिशोबाने तो पाईप पहिल्या मोठ्या धक्क्याला वाकणार. दुसरं, रेलिंगवाल्याकडचा पाईप ३०४ च आहे कशावरून? बाजारात २०२ बराच चालतो, आणि चुंबक लावून फरक कळत नाही कारण दोन्हीला चुंबक नीट चिकटत नाही. त्यासाठी टेस्टिंगच्या लिक्विडचा थेंब टाकून बघावं लागतं. खाऱ्या हवेत २०२ लवकर डागाळतो, आणि ३०४ सुद्धा समुद्रापाशी तपकिरी डाग धरतो, बोल्टच्या खाली, फटीत जिथे मीठ साचतं तिथे बारीक बारीक खड्डे पडतात. जाड ३०४ किंवा ३१६ चा पाईप असेल, आर्गनवाला (आर्गन गॅसने वेल्ड करणारा) चांगला असेल आणि संपूर्ण फोर्क एसएसमध्येच होणार असेल तर एसएसचा फोर्क उत्तम होतो, मी एक केलाय, त्याला १४ गेज वापरला. पण पाय एसएसचे आणि पिन ईएन८ ची असं जोडायचं असेल तर ३०९एल चा फिलर लागतो आणि हाताला सवय लागते. ते रोज करणारा माणूस ओळखीचा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

अल्युमिनियमवर थोडं थांबतो कारण तुमचा कल तिकडे दिसतोय. ६०६१-टी६ कागदावर सुंदर आहे, यील्ड २७६ मेगापास्कल, वजन लोखंडाच्या एक तृतीयांश. पण ती टी६ म्हणजे उष्णता देऊन आणलेली ताकद आहे, आणि तुम्ही वेल्ड केलं की जोडाच्या आजूबाजूची ती ताकद निघून जाते, निम्म्याच्याही खाली येते. कारखान्यात वेल्डनंतर पुन्हा भट्टीत घालून ती परत आणतात, आपल्याकडे ती सोय नाही. म्हणजे सगळ्यात जास्त मोड जिथे येतो, क्राउनला, नेमकं तिथेच मटेरियल सगळ्यात मऊ. शिवाय सेक्शनवाल्याकडे जो पाईप मिळतो तो बहुतेक ६०६३ असतो, त्याची सुरुवातच खालून. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, लोखंडाला एक मर्यादा असते, त्याखाली जोर राहिला तर ते कितीही धक्के खाऊ शकतं. अल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, छोटे छोटे धक्के सुद्धा त्याच्या खात्यात जमा होत राहतात आणि एक दिवस चीर पडते. सऱ्यांच्या वाळूवर एका दुपारी हजारो धक्के बसतात. त्यात लोखंडी पिन, लोखंडी बोल्ट आणि खारं पाणी एकत्र आलं की जोडापाशी अल्युमिनियम पांढरी पावडर होऊन खाल्लं जातं, होड्यांवर हे मी कितीदा उघडून बघितलंय. आणि वाचणार किती? दोन पायांचा मिळून पाईप साठ सेंटीमीटर, लोखंडात एक किलोच्याही आत. अल्युमिनियमला जाडी वाढवावी लागते ते धरलं तर अर्धा किलोसुद्धा वाचत नाही. उलट नाकावर थोडं वजन असलेलं बरं, वळताना पुढचं चाक वाळू धरून राहतं, नाहीतर पाय कितीही दाबा गाडी सरळच जाते.

जीआय पाईप ताकदीला वाईट नाही. तुमच्याकडचा एक इंची पाण्याचा पाईप असेल तर बाहेरून तो साधारण ३३.७ मिमी भरेल आणि मीडियम क्लासचा असेल तर जाडी ३.२ च्या आसपास. जड आहे पण चालतो. अडचण जस्ताची. जस्त असताना वेल्ड केलं तर जोडात छिद्रं पडतात, आणि तो पांढरा धूर अंगात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे करूच देत नाही. जोडापासून दोन इंच आतून-बाहेरून जस्त घासून काढा, उघड्यावर करा, वाऱ्याकडे पाठ करून. आणि जुन्या पाईपचं आतलं तोंड बॅटरी मारून बघा, आत गंजाचे पापुद्रे असतील तर तो भंगारातच जाऊ द्या.

म्हणजे माझं उत्तर असं होतं की पाय सव्वा इंची १४ गेज एमएस पाईपचे, शक्यतो नवा, ईआरडब्ल्यू (पत्रा गोल करून शिवण वेल्ड केलेला) चालेल, गाड्यांसाठीचा सीडीडब्ल्यू (वेल्ड करून मग थंड ओढलेला) मिळाला तर आणखी चांगलं. ईआरडब्ल्यू घेतलात तर त्याची शिवण पायाच्या सगळ्यात पुढे किंवा मागे येणार नाही असं फिरवून लावा. पिन ३० ची ईएन८. क्राउन ६ मिमी प्लेटचा, एक्सल धरणाऱ्या प्लेटा ८ मिमीच्या. हे मटेरियल वाकून सांगतं, आणि तुमच्या गावातला कुठलाही बरा वेल्डर ते नीट जोडू शकतो. दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच मोठा आहे, कारण परक्या धातूचा कच्चा जोड साध्या धातूच्या पक्क्या जोडापेक्षा कधीही वाईट.

जोड कसा करायचा ते सांगतो, खरं काम इथे आहे. क्राउनला एकच प्लेट नको, दोन प्लेटा घ्या, मधे ४० मिमी अंतर ठेवून. पायाचे पाईप दोन्ही प्लेटांच्या भोकांतून आरपार घाला आणि वर-खाली गोल फिरवून वेल्ड करा, नुसते खालून टेकवून चिकटवू नका. पिन पण तशीच, दोन्ही प्लेटांतून आरपार. असं केलं की मोड प्लेटांच्या दोन थरांत वाटला जातो आणि वेल्डवर फाडणारा जोर येत नाही. टायरच्या दोन्ही बाजूंना १५ मिमी तरी जागा सोडा, ओली वाळू चिकटून गोळा होते आणि जागा कमी असेल तर चाक अडतं.

ईएन८ मध्ये कार्बन जास्त असतो, ०.४ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे थंड बारवर साध्या ६०१३ रॉडने वेल्ड मारलं की जोडाच्या कडेला काचेसारखा कडक थर तयार होतो आणि तिथून चीर सुरू होते. म्हणून ७०१८ रॉड, तेही तापवून कोरडे केलेले, आणि पिन आधी गॅसने दीडशे-दोनशे डिग्रीपर्यंत तापवायची. थर्मामीटर नसेल तर पाण्याचा थेंब टाका, पडल्या पडल्या चुर्र होऊन उडाला पाहिजे. वेल्ड झालं की कोरड्या वाळूत किंवा चुन्यात पुरून ठेवा, सकाळपर्यंत. आणि समोर उभे राहा, कारण हेल्पर लोकांना सवय असते गरम जोडावर मगभर पाणी ओतायची, तेवढ्या एका मगाने सगळं काम वाया जातं. पिनला लेथवर पायरी काढायची असेल तर कोपरा टोकदार ठेवू नका, टर्नरला सांगा तिथे दोन मिमीचा गोलावा पाहिजे.

पिनसाठी बॉल बेअरिंग मी लावत नाही. स्टिअरिंग पूर्ण फिरत नाही, थोडंसं इकडे-तिकडे हलतं, त्यामुळे गोळ्या एकाच जागी आपटून रेसमध्ये खड्डे पाडतात, वर मीठ आणि वाळू. होडीच्या सुकाणूला असतं तसं गनमेटलचं बुश, वर एक खाली एक, मधे ग्रीस निपल. दोन बुशांत जेवढं जास्त अंतर ठेवता येईल तेवढं चांगलं, १५० मिमीपेक्षा कमी नको. ग्रीस दर वेळी मारायचं, जुनं काळं ग्रीस वाळूसकट बाहेर येईपर्यंत.

एक्सलच्या बाबतीत बघा की प्लेटच्या भोकात आट्यांचा भाग येत नाही, सपाट गुळगुळीत भाग यायला हवा, आटे त्याच्या बाहेर सुरू झाले पाहिजेत. आट्यांच्या खाचेतून एक्सल तुटतात. आणि फोर्क किती फिरावा याला फ्रेमवर एक ठोकळा वेल्ड करून मर्यादा घाला, दोन्ही बाजूंना ३० डिग्री पुरे होतात, नाहीतर घसरताना चाक एकदम आडवं होतं आणि वर सांगितलेले ७५ किलो तिथे काहीच नाहीत.

गंजाचं भय वाटणं बरोबर आहे पण त्यावर उपाय मटेरियल बदलणं हा नाही. पाईप आतून गंजतो म्हणून दोन्ही तोंडं पूर्ण बंद करा, सुईएवढं छिद्र सुद्धा नको, किंवा मग खाली ५ मिमीचं भोक ठेवा म्हणजे आलेलं पाणी निथळेल. अर्धवट बंद सगळ्यात वाईट. हॉट डिप गॅल्वनायझिंग करायचं असेल तर मात्र आधीच भोकं ठेवावी लागतात, बंद पाईप गरम जस्तात गेला तर आतली हवा फुगून फुटतो, गॅल्वनायझिंगवाला तुमचं काम घेणारच नाही. मी स्वतः एपॉक्सी झिंक प्रायमर आणि वर पीयू (पॉलीयुरेथेन) पेंट मारतो. रंग पांढरा किंवा फिका पिवळा. काळा नको, कारण फिक्या रंगावर चीर पडली की तिच्यातून गंजाची केसाएवढी तांबूस रेष बाहेर येते आणि ती लगेच दिसते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, क्राउनच्या आतल्या कोपऱ्यांत पाईप घालून.

किनाऱ्यावर नेण्याआधी एक चाचणी घरीच करा. गाडी झाडाला किंवा खांबाला घट्ट बांधा, चाकाच्या खालच्या कडेला दोरी बांधून चेन पुलीने बाजूला ओढा, मधे लटकता वजनकाटा लावा. ७५ किलोपर्यंत न्या, मिनिटभर थांबा, सोडा. आधी आणि नंतर चाकाच्या वरच्या कडेपासून फ्रेमपर्यंतचं अंतर टेपने मोजा. ताणताना लवेल, ते चालतं, पण सोडल्यावर एक मिमी जरी फरक राहिला तर कुठेतरी कायमचं वाकलंय आणि ते शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग दुसऱ्या बाजूने तेच. चेन पुलीच्या रेषेत कुणी उभं राहू नका.

पहिल्या तीन वेळा चालवून आलात की फोर्क काढा, पिन बाहेर ओढा आणि क्राउनच्या वर बोटभर जागा नीट पुसून तिथे घासलेट लावा. दहा मिनिटांनी कापडाने कोरडं करा आणि वरून खडूची पावडर चोळा. चीर असेल तर तिच्यात शिरलेलं घासलेट परत बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली बारीक रेष उमटते. ट्रॉलरचे शाफ्ट मी असेच तपासतो. त्यानंतर सीझनमध्ये महिन्यातून एकदा. भाच्याच्या वेळी मी हे एकदा जरी केलं असतं तर ती तपकिरी चीर मला आधी दिसली असती.

आणि किनाऱ्यावर उतरण्याआधी ग्रामपंचायतीत आणि पोलीस पाटलांकडे विचारून ठेवा, बऱ्याच ठिकाणी वाळूवर वाहन न्यायला बंदी असते, इंजिन नसलं तरी लोकांना ते वाहनच वाटतं. गर्दीच्या टोकापासून लांबचा पट्टा निवडा.

मटेरियल कापायला घेण्याआधी मला दोन मापं कळवा. हबची रुंदी, बेअरिंगच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत, आणि टायरमध्ये हवा भरल्यावर त्याची सगळ्यात जास्त रुंदी. कॅलिपर नसेल तर दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून टेपने मोजलं तरी चालेल. त्यावरून क्राउनच्या प्लेटेची लांबी आणि भोकांमधलं अंतर काढून देतो.